पडद्याकडे पाठ

एकदा एका लहानशा गावात एक वृद्ध गुरुजी चित्रमंडळ चालवीत असत. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात एक चित्रपट दाखवायचा आणि मग त्यावर चर्चा करायची, असा तिथला रिवाज. चर्चेला आरंभ करण्याचा मान त्यांच्या एका शिष्याचा. शिष्य मोठा बुद्धिमान. अंधारातही वहीत टिपणे काढी. ती वाचताना मान जरा जास्तच ताठ होई, एवढे खरे.

त्या रविवारी युद्धावरचा चित्रपट होता. दोन सैनिक, जिवाला जीव देणारे मित्र. क्षुल्लक कारणावरून त्यांच्यात अबोला येतो आणि तो सुटण्याआधीच एकजण मारला जातो. पाहवत नाही, असा तो चित्रपट. दिवे मालवताच गुरुजींनी मात्र खुर्ची उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून ते शिष्यासमोर बसले. म्हाताऱ्याला रक्तपात सोसत नसेल, असे शिष्याला वाटले.

चित्रपट संपला. शिष्य वही घेऊन उठला, तोच गुरुजी म्हणाले, "आज तू बोलायचं नाहीस."

भर सभेत! शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लोक पांगल्यावर त्याने विचारले, "गुरुजी, माझं चुकलं तरी काय?"

"चित्रपट मी आधी पाहिला होता, म्हणून आज तुला पाहत बसलो. तोफा धडाडल्या तरी तुझी पेन्सिल थांबली नाही. ते दोघे एका ताटलीत जेवायला बसले, तेव्हा मात्र तू डोळे मिटलेस. कोण आठवलं?"

शिष्याने वही मिटली. "दिगंबर. त्यानं माझ्या लेखाची चारचौघांत टर उडवली होती. चार वर्षं झाली, बोलत नाही आम्ही."

"असतो कुठं?"

"मागच्या आळीत."

"म्हणजे तुला नुसती कडी वाजवायची आहे! इथं भाषण केलं असतंस, तर टाळ्या पडल्या असत्या, मन हलकं झालं असतं आणि तू सुखानं घरी गेला असतास. मन जड आहे तोवर जा."

दार दिगंबरनेच उघडले. शिष्याला वाटेत जुळवलेले एकही वाक्य आठवेना.

"पाहुण्यासारखा उभा काय राहतोस? ये आत," दिगंबर म्हणाला. "चहाला साखर दोन चमचेच ना?"

"बंद केली. डॉक्टरांनी सांगितलंय."

"एवढं झालं आणि मला कळवलं नाहीस, गाढवा?" दिगंबर कडाडला.

कुणीतरी हक्काने रागावले, याचे शिष्याला इतके हायसे वाटले की त्याचे डोळे वाहू लागले. त्या संध्याकाळी चित्रपटाविषयी त्याने अवाक्षरही काढले नाही.