सुताराचे अर्पण

ही गोष्ट प्रस्तुत लेखकाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी, गुरुवारी दुपारी, सालोमीबाई पाटोळे यांच्याकडून ऐकली. त्या निवृत्त शिक्षिका, वय एक्याऐंशी. घटना घडली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि प्रार्थनामंदिरात पुढून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, असे त्यांनी दोनदा बजावून सांगितले.

गोदाकाठच्या एका गावात बर्नबा नावाचा एक सुतार होता. गावातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीसाठी तो पदे रचीत असे. रंधा मारता मारता ओळ सुचली, की कानावरची पेन्सिल काढून समोरच्या फळीवरच लिही. ओळ पाठ झाली, की फळी तासून टाकी. गावातल्या कितीतरी दारांवरून त्याची पदे अशी तासली गेली होती. लोक त्याला ‘पदवाले’ म्हणत, आणि सुतारकीपेक्षा त्याला तीच ओळख प्यारी होती.

त्याचा धाकटा भाऊ तीतस पदांना मृदंगाची साथ करी. एका पावसाळ्यात तीतसला विषमज्वर झाला. सगळ्या मंडळीने अकरा दिवस प्रार्थना केली. बाराव्या दिवशी तीतस गेला.

त्यानंतर बर्नबाच्या मनात देवाविषयी जे उरले, त्याला श्रद्धा म्हणावे की नाही, हे त्याचे त्यालाच कळेना. पद सुचत नसे. फिरून फिरून दोनच ओळी येत. तो त्या लिही आणि कोणी पाहण्याआधी तासून टाकी. एक फळी तर तासून तासून इतकी पातळ झाली, की ती कशाच्याच कामाची राहिली नाही.

अशात हंगामाचा सण जवळ आला. आपल्या रानात आलेले पहिले पीक आणून देवाचे उपकार मानायचे आणि त्या दिवशी बर्नबाने नवे पद म्हणायचे, असा तिथला रिवाज. मंडळीचे कारभारी एलिया साळवे त्याच्या पडवीत डोकावले.

“काय पदवाले, यंदा ताजं आहे, का मागचंच शिळं वाढणार?”

“होईल,” बर्नबा म्हणाला, आणि खरोखरच अर्ध्या तासात पद झाले. उपकार, दया, कृपा, सारे शब्द आपापल्या जागी येऊन बसले. चालही गोड लागली. त्याने ते बायकोला, दीनाला, म्हणून दाखवले.

“छान झालंय,” ती म्हणाली.

“मग तोंड का असं?”

“शब्द तुमचे, चाल तुमची. तुम्ही मात्र त्यात कुठं दिसला नाहीत.”

बर्नबाला राग आला नाही, भीती वाटली. मनात काही नसताना हात इतके चांगले लिहू शकतो, तर आजवरचे तरी खरे कशावरून? आपण भक्त होतो, की नुसतेच कसबी? तरीही त्याने तो कागद खिशात ठेवला. सणाला रिकाम्या हाताने उभे राहण्यापेक्षा ते बरे, असे त्याला वाटले.

सणाच्या आदल्या दिवशी तो प्रार्थनामंदिरात शिडीवर चढून जोंधळ्याची ताटे खांबांना बांधीत होता. लोक टोपल्या भरभरून आणत होते. म्हातारी रोडामावशी आली. तिच्या भल्यामोठ्या परातीत, धुवट फडक्याखाली, तीन वाकडे दोडके होते.

एलिया हसले. “मावशी, बाजारात चांगले मिळत होते की!”

“मिळत होते,” मावशी म्हणाली. “पण बाजारातले आणून त्याला कसं फसवू, बाबा? त्यानं माझं रान पाह्यलंय.”

बर्नबाचा हात थांबला. थोड्या वेळाने तो खाली उतरला. खिशातला कागद त्याने नीट घडी घालून फाडला.

“कारभारी, पद बदललंय. त्यात उपकार नाहीत. प्रश्न आहे.”

“सणाच्या दिवशी? अरे, देव काय म्हणेल?”

“तो काही म्हणेल, याचीच तर वाट पाहतोय.”

एलिया गंभीर झाले. “बघ बाबा. तू ओळ म्हणायचीस आणि मंडळीनं ती उचलायची, ही आपली रीत. उद्या कोणी उचलली नाही, तर पुन्हा पद म्हणायला उभं राहायचं नाही.”

“मान्य,” बर्नबा म्हणाला. तो पुन्हा शिडीवर चढला.

दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. मृदंग नव्हता. त्याने डोळे मिटले आणि इतके दिवस तासून टाकलेल्या त्या दोन ओळी म्हटल्या:

अकरा दिवस तुझ्या दारी हाक मारीत बसलो,
ऐकलीस का नाही, देवा, एवढेच पुसतो.

रीतीप्रमाणे तो थांबला. कोणी उचलेना. बाकांवर साठ माणसे होती, आणि खांबांवरची ताटे वाऱ्याने वाजत होती तेवढाच आवाज. आपण आता पदवाले राहिलो नाही, नुसते सुतार, असे त्याच्या मनात आले. हे मनात येऊनही, खोटे म्हटले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले नाही. याचे त्याला नवल वाटले.

तेवढ्यात एका थकलेल्या, बेसूर आवाजाने ओळ उचलली. मग दुसऱ्याने. मग साऱ्या मंडळीने. प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी गेलेले होते, आणि हा प्रश्न प्रत्येकाने कधी तरी गिळलेला होता. मंडळीने त्या दोन ओळी सात वेळा म्हटल्या. पुढची कडवी नव्हतीच. उत्तर त्या दिवशी आले नाही. पण विचारणारा आता एकटा नव्हता. प्रार्थना सुटल्यावर एलियांनी बर्नबाच्या खांद्यावर हात ठेवला. “सलाम, पदवाले. नाताळालाही तूच म्हण.”

तो पहिला आवाज कोणाचा, हे मात्र कधीच निश्चित करता आले नाही. बर्नबाचे डोळे मिटलेले होते. सालोमीबाईंच्या मते तो त्यांच्या आईचा. एलियांचा नातू म्हणाला, आजोबांचा. रोडामावशीच्या पणतीने तर वाद घालायलाही नकार दिला. तिच्या घरी ते सगळ्यांना ठाऊकच होते.

तात्पर्य: मनात जे खरोखर उगवले, तेच देवापुढे ठेवावे; प्रामाणिक शंका हेही अर्पणच असते, आणि आपण ती बोलून दाखवली, की इतरांनाही आपली बोलण्याचे धैर्य येते.