जोडून द्यायचं नाही

मिरजेच्या संगीत संग्रहालयातली जुनी ध्वनिमुद्रणं संगणकात हळूहळू बिघडत होती. बिघाड ओळखून दुरुस्त करणारी एक फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली साठवायची व्यवस्था, फुकट मिळत होती, पण तिचा परवाना संगणक ज्यावर चालायचा त्या लिनक्स प्रणालीच्या परवान्याशी जुळत नव्हता.

“दोन्ही एकत्र करून ग्राहकाला द्यायचं नाही!” संग्रहालयाला संगणक पुरवणाऱ्या कंपनीचे वकील धारवाडकर गरजले.

कंपनीची इंजिनिअर शाल्मली विचारात पडली. “साहेब, बंदी एकत्र करायला आहे, की एकत्र करून द्यायला?”

“द्यायला! आपल्या घरी कुणी काहीही करावं.”

शाल्मलीने दोन्ही वेगवेगळं पाठवलं. संग्रहालयाच्या सुनंदाबाईंनी ते स्वतः जोडलं आणि गाणी बचावली.

धारवाडकर चिडले. “शेवटी तेच केलंत ना?”

“छे! आम्ही फक्त स्थळ सुचवलं,” शाल्मली म्हणाली. “लग्न त्यांनी त्यांच्या दारात लावलं.”