पलंगाचा चौथा पाय

एक होता पलंग. राजाही होता, पण त्याला आज जरा बाजूला बसवू, कारण गोष्ट पलंगाची आहे. पांघरूण घ्या अंगावर, मग सांगते.

तर हा पलंग होता शिसवी लाकडाचा, आणि तो चालायचा. हसू नका, खरंच चालायचा. त्याच्या चारी पायांखाली कवठाएवढे लाकडी गोळे होते. गावात कोणी आजारी पडलं की पलंग राजवाड्यातून निघायचा, टुक टुक टुक टुक, आणि थेट त्याच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. कोणी बोलवायचं नाही, कोणी वाट दाखवायची नाही. त्यावर निजलं की माणूस बरं व्हायचं. मग पलंग आपला घरी परत.

हा पलंग घडवला होता गुणाजी सुताराने. त्याच्या हाताला तोड नव्हती, पण तोंड मोठं तिखट, बरं का. त्याची लेक भिवरा त्याच्याच हाताखाली शिकली. तिने पाट केला. गुणाजीने अंगठा फिरवला, म्हणाला, "जोड लागतोय हाताला." मग तिने देव्हारा केला. "जोड लागतोय." मग पाळणा केला, सगळं गाव बघायला आलं, आणि हा म्हणतो, "जोड लागतोय." पण भिवराही त्याचीच लेक. म्हणायची, "एक दिवस तुम्हाला जोड सापडायचा नाही, आबा."

मग एकदा काय झालं, पलंग ओढा ओलांडत होता. एक पाय दगडांत अडकला आणि गोळ्याचा मोठा टवका उडाला. टवका गेला पाण्यात वाहून. पलंग लंगडत वाड्यात आला आणि कोपऱ्यात उभा राहिला, तो हलेचना. आणि नेमका तेव्हाच गुणाजी तापाने पडला. वैद्याने हात टेकले. आता पलंग स्वतः चालत दाराशी आला तरच तो वाचणार होता; उचलून नेलेल्या पलंगाचा गुण यायचा नाही.

राजाने सोनाराला बोलावलं. सोनाराने फुटका गोळा काढून सोन्याचा बसवला. पण सोनं पडलं जड. तो पाय जागचा उठेना, आणि पलंग त्याच्याभोवतीच गरागरा फिरला. मग लोहाराने लोखंडाचा बसवला. त्याच्या दणक्याने फरशी फुटली आणि पलंग स्वतःच दचकला. मग आला दरबारचा सुतार. त्याने जंगलातून नवं लाकूड आणलं, सुरेख गोळा केला. पलंग निघाला. आणि बघतात तर काय, तीन पाय चालले गुणाजीच्या घराकडे आणि चौथा चालला जंगलाकडे. त्याला आपल्या झाडाचीच वाट ठाऊक, गावातली कुठली असणार?

भिवरा आबांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. तिच्या कानावर हे आलं. तिने पदर खोचला, हत्यारांची पिशवी काखेत मारली आणि वाड्यात आली. "जुना गोळा कुठाय?" शोधत गेली तर तो स्वयंपाकघरात, सरपणाच्या ढिगावर. आचारी तो चुलीत सारणारच होता. तिने तो हिसकून घेतला.

दरबारचा सुतार म्हणाला, "अगं, मोडका आहे तो. त्याचं काय करणार?"

"बरा करणार," भिवरा म्हणाली. "गावातलं घर न् घर त्याला पाठ आहे. आणि हे काम मलाच जमेल. दुसऱ्या कोणाला नाही."

अशी होती ती. उगाच लाजणंबिजणं नाही.

मग ती पलंगाखाली शिरली. कोणाला दिसणार नाही अशा जागेवरून तिने एक तुकडा कापून घेतला. त्याच पलंगाचं, त्याच झाडाचं लाकूड. गोळ्याची फुटकी बाजू पटाशीने सपाट केली. तुकड्याच्या रेषा गोळ्याच्या रेषांना जुळवल्या, सरस लावला आणि सुतळीने करकचून बांधलं. सरस वाळेपर्यंत घरी जाऊन आबांजवळ बसली. आबांना आता हाकही ऐकू येत नव्हती. तिला रडू आलं, रडली. मग डोळे पुसले, वाड्यात परतली आणि कानस घेतली. थोडं घासायचं, डोळे मिटायचे, गोळा दोन्ही तळव्यांत लाडवासारखा वळून बघायचा. कुठे टोचलं की पुन्हा घासायचं. शेवटी तळव्यांना काही म्हणता काही लागेना.

तिने गोळा पायाखाली बसवला. पलंगाने पाय उचलला, टेकला, पुन्हा उचलला. टुक टुक टुक टुक. राजाच्या महालावरून गेला, प्रधानाच्या माडीवरून गेला, आणि थेट गुणाजीच्या दाराशी थांबला. मागे सगळं गाव, आणि पुढे भिवरा, मान ताठ.

मग गुणाजीचा ताप उतरला. मग तो पेज प्यायला. मग एका सकाळी पलंगावरून उतरून खाली बसला आणि एकेका पायावर अंगठा फिरवायला लागला.

"कोणता मोडला होता गं?"

"तुम्हीच सांगा, आबा."

त्याने चारही पाय चाचपले. पुन्हा पहिल्यापासून चाचपले. नखाने खरवडून पाहिलं, उजेडाला डोळा लावून पाहिलं. दारात माणसं माना उंचावून बघत होती.

"भिवरे," गुणाजी म्हणाला, "मला सापडत नाही."

राजाने भिवराला शालजोडी दिली, दरबारची सुतारीण केलं. पण कोणी कौतुक केलं की ती शालीचं नाव काढायची नाही. म्हणायची, "आमच्या आबांना जोड सापडला नाही." जन्मभर सांगत राहिली, आणि गुणाजीही सांगत राहिला.

मग सगळे सुखाने राहिले. पलंग अजून चालतो. टुक टुक ऐकू आलं तर उठायचं नाही हं. आपल्याकडे सगळे ठणठणीत आहेत, तो पुढच्या घरी निघालाय. मिटा डोळे.