भुईवर ठेवलेली सुरी

एका राज्यात, शके तेराशे अठ्ठावन्न, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस, हेमंत ऋतूतल्या सकाळी, गवतावरचे दव अजून विरले नव्हते त्या घटकेस राणी चारुमतीला कन्या झाली. आणि त्याच घटकेस त्या राज्याचे सुख संपले.

बाळंतपण धुरपदा सुईणीने केले. धुरपदेच्या कमरेला सदैव एक लहानशी सुरी असे. पाते चार बोटे लांब, मूठ बाभळीची, म्यान साध्या चामड्याचे. सुरी तिच्या आईची. रोज सकाळी स्नान आटोपले की धुरपदा धारेचा दगड भिजवी आणि आईचे बोल मनाशी घोळवीत पाते त्यावरून फिरवी. जी सुरी रोज वापरायची तिला रोज धार लावावी, आणि जिला धार लावायची तिचे झिजणे आधीच मान्य करावे, असे आई म्हणे. आईच्या काळी ते पाते अंगठ्याएवढे रुंद होते. आता करंगळीएवढे उरले होते.

आईचा आणखी एक नियम होता. सुरी हातोहात देऊ नये, हातोहात घेऊ नये. देणाऱ्याने भुईवर ठेवावी, घेणाऱ्याने भुईवरून उचलावी.

धुरपदेने नाळेला दोन ठिकाणी दोरा बांधला आणि कमरेला हात घातला, तोच पडद्याआडून राजा जयध्वज म्हणाला, "थांब. राजकन्येची नाळ कसल्या पात्याने कापतेस?"

"माझ्या सुरीने, महाराज. आज पहाटेच धार लावली आहे."

"बाभळीच्या मुठीची सुरी! उद्या पाळण्याला सुतळी बांधशील. ही घे." आणि राजाने पडद्यातून हात पुढे केला. हातात सोन्याच्या मुठीची सुरी होती. ती राजाच्या आजोबांनी घर्घर नावाच्या मांत्रिकाच्या गुहेतून लुटून आणली होती आणि तीन पिढ्या खजिन्यात पडून होती. पाते आरशासारखे लखलखत होते. त्या पात्याला दगड कधी लागलाच नव्हता, हे धुरपदेने एका दृष्टिक्षेपात ओळखले. राजाचा हात हवेत होता. भुईवर ठेवा, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि ओठांवरच थांबले. तिने सुरी हातोहात घेतली.

पाते नाळेला टेकताच नाळ तांब्यासारखी तांबूस झाली आणि तांब्यासारखीच कठीण. सुरीतून घर्घर बोलला, आणि ते एकट्या धुरपदेला ऐकू आले: "बाई, जाणत असून घेतलीस. आता ही नाळ कोणत्याही पात्याने तुटणार नाही. वर्ष भरेल त्या दिवशी सूर्य मावळताच मी मायलेकींना एकाच दोरीने ओढून नेईन."

धुरपदेने आपली सुरी चालवून पाहिली. तिची धार तिथल्या तिथे गेली. मग वैद्यांचे शस्त्र झाले, सुताराची करवत झाली, मगरीचा दात झाला. नाळेवर ओरखडा उठला नाही. बाळ वाढत होते, आणि बाळाच्या प्रत्येक वितीसरशी राणी विरत होती. माघात तिला उठून बसवेना. फाल्गुनात तिचा हात उचलवेना. धुरपदा रोज उशाशी बसे. दासी आपसात कुजबुजत, "हिच्या हातगुणाचे कौतुक होते ना? घ्या आता हातगुण!" ती ऐकून घेई. खरे काय घडले ते तिने कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर राजाचे नाव निघाले असते, आणि राजाच्या आधी तिचे.

चैत्रात ती राजवाड्याबाहेर पडली. वेशीवरच्या उंबरावर एक तांबट पक्षी बसला होता. "टुक, टुक," तो म्हणाला. "धुरपदे, सुरीची धार गेली ती दगडावाचून नव्हे, शापाने गेली. तीन वस्तू मिळव. उलट्या वाहणाऱ्या नदीच्या तळचा दगड. वर्षातून एकच ओंजळ देणाऱ्या झऱ्याचे पाणी. आणि जिवंत चामडे."

"जिवंत चामडे कोठे मिळते?"

"एवढे कळत असते तर मी उंबरे खात बसलो असतो का?" असे म्हणून पक्षी उडून गेला.

उलटी नदी समुद्रातून डोंगराकडे वाहत होती. तिने विचारले, "दगडाबदली काय देशील?"

"माझ्याजवळ काय आहे?"

"तुझी पुढची वीस वर्षे आहेत."

धुरपदा पाण्यात उतरली तेव्हा तिचे केस काळे होते. दगड छातीशी धरून वर आली तेव्हा ते पांढरे होते आणि गुडघे दुखत होते.

झऱ्यावर एक आंधळी नागीण वेटोळे घालून बसली होती. तिकडे पोचायला आश्विन उजाडला. नागीण म्हणाली, "मला दिसत नाही; मी ऐकण्यावर जगते. तुझ्याजवळचा सर्वांत गोड आवाज मला दे."

धुरपदेजवळ एकच आवाज होता. रोज सकाळी दगडावर पाते फिरवताना तो तिच्या कानी येई. तिने बराच वेळ विचार केला. मग राणीचा न उचलवणारा हात तिला आठवला आणि तिने आईचा आवाज देऊन टाकला. ओंजळभर पाणी तुंब्यात भरून ती उठली, आणि वाटेत आईचे बोल आठवू लागली, तर आईचे ओठ हलताना दिसत. बोल एकही ऐकू येईना. त्या दिवशी ती वाटेच्या कडेला बसून पुष्कळ रडली. दगड होता, पाणी होते, आणि शिकवणारा आवाज गेला होता.

जिवंत चामडे तिला कोठेच मिळाले नाही. तिने मेंढपाळांना विचारले, चांभारांना विचारले. एक चांभार हसून म्हणाला, "आजी, जिवंत असते तोवर ते चामडे नसते, आणि चामडे होते तेव्हा ते जिवंत नसते. काय ते एक ठरवून या!"

कार्तिक शुद्ध एकादशीस ती राजवाड्यात परतली. राणी अंथरुणाला खिळून कागदासारखी पातळ झाली होती. धुरपदेने तांबटाचे बोल सांगितले, तेव्हा राजा म्हणाला, "तीन वस्तू मिळाल्या?"

"दोन मिळाल्या."

"तिसरीसाठी वेळ नाही. लाव धार."

तिने दगडावर झऱ्याचे पाणी ओतले. हातांना सवय होती, हात फिरले. एक बाजू झाली, दुसरी झाली, पाणी काळे होऊन संपले. तिने एक पांढरा केस तोडून धारेवर धरला. केसाचे दोन तुकडे झाले. सारे 'धन्य, धन्य' म्हणाले. यानंतर काही करावयाचे असते असे तिला वाटत राहिले. पण काय, ते सांगणारा आवाज उरला नव्हता.

सुरी नाळेत जवाएवढी शिरली आणि तिची धार मुडपली. नाळेतून रक्ताची चिळकांडी उडाली. राणीने डोळे फिरवले, मूल किंचाळले, आणि पाहता पाहता नाळ पुन्हा जुळली. राजाने धुरपदेच्या हातून सुरी हिसकावली आणि तिला कोठडीत टाकले.

कोठडीला हातभर खिडकी होती. अमावास्येच्या दुपारी तांबट त्या खिडकीत येऊन बसला.

"टुक. तिसरी वस्तू आणली नाहीस."

"कोणाची कातडी सोलू? सांग तरी!"

"सोल असे कोण म्हणाले?"

धुरपदेने खिडकीबाहेर पाहिले. सूर्य कलला होता आणि तो मावळला की सारे संपणार होते. तिने डोळे मिटून आईला पाहिले. आई धार लावीत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. म्हणून तिने प्रथमच आईच्या ओठांवरून दृष्टी काढली आणि हातांकडे पाहिले. आईच्या डाव्या तळव्यावर, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत, एक काळसर घट्टा होता. लहानपणी ती त्यावर बोट फिरवीत असे. तो कशाने पडला हे तिने कधी विचारले नव्हते.

दगडावरून उतरलेल्या पात्याच्या कडेला केसाहून बारीक अशी एक कोर उभी राहते. ती केस कापते, आणि पहिल्या खऱ्या कामाला मुडपते. ती खोटी धार. ती काढावी लागते, पाते तळव्यावरून पाठीच्या बाजूने, शंभर वेळा ओढून.

"जिवंत चामडे," धुरपदा म्हणाली, आणि दार ठोठावू लागली.

दार राजानेच उघडले. तो तिला न्यायलाच आला होता. वैद्य हात टेकून बसले होते आणि राजाजवळ दुसरे कोणी उरले नव्हते. राणीच्या पलंगापाशी उभा राहून त्याने ती बाभळीच्या मुठीची सुरी पुढे केली. "घे. शेवटचे एकदा."

धुरपदेने हात मागे घेतला.

"महाराज, भुईवर ठेवा."

"काय म्हणालीस?"

"सुरी हातोहात घेत नाहीत. त्या दिवशी मी घेतली. शाप तेव्हा लागला."

"तुला ठाऊक होते?"

"होते."

"आणि वर्षभर गप्प राहिलीस! मग घेतलीस कशाला?"

"राजाला वाक असे कसे म्हणावे, ते मला ठाऊक नव्हते."

राजाचा चेहरा काळा पडला. भिंतीवरचे ऊन वीतभर उरले होते. तेव्हा पलंगावरून, अनेक दिवसांत प्रथमच, राणी बोलली. आवाज पाचोळ्यासारखा होता. "माझ्यासाठी आभाळ वाकवीन म्हणत होता. आता एवढी पाठ वाकवा."

राजा वाकला. गुडघे टेकले, सुरी भुईवर ठेवली आणि हात काढून घेतला. धुरपदेने ती उचलली.

मग तिने पाते डाव्या तळव्यावरून ओढले. एक, दोन, दहा. आजवर तिने दगडावरच्या धारेवरच भागवले होते; आईसारखा घट्टा तिच्या हाताला नव्हता. चाळिसाव्या ओढीला कातडी फाटली. सत्तराव्या ओढीला आतील शीर तुटली आणि दोन बोटे आपसूक मिटली. ऊन चार बोटे उरले, दोन बोटे उरले. ती थांबली नाही. शंभर भरताच तिने सुरी नाळेवर ठेवली. दाबावी लागली नाही.

नाळ तुटली. खजिन्यातली सोन्याची सुरी ओल्या मिठासारखी विरघळून गेली आणि घर्घर मांत्रिकाचा आवाज पुन्हा कोणी ऐकला नाही. राणीने हात उचलला आणि मुलीच्या मस्तकावर ठेवला. नगारे वाजले. त्या राज्यात सुरी देताना राजाही वाकतो, तो नियम त्या दिवसापासूनचा.

धुरपदेला त्यांनी काय हवे ते मागायला सांगितले. तिने काही मागितले नाही. तिचे केस पांढरेच राहिले, दोन बोटे मिटलेलीच राहिली. आईचा बोल ऐकू येतो का म्हणून तिने तुंबा कानाशी धरून पाहिला. तो रिकामा होता. पाते आता काडीएवढे उरले होते. तिने ते धुतले, पुसले, म्यानात घातले, पण कमरेला लावले नाही. कोणी तरी उचलील म्हणून उंबऱ्याबाहेर भुईवर ठेवले, आणि ती वेशीकडे चालू लागली.

तो दिवस शके तेराशे एकोणसाठ, कार्तिक वद्य अमावास्येचा. सूर्य मावळत होता. शापाचा निकाल लागला तो त्या दिवशी.