पाठीमागचं तळं

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात कोंडाजी नावाचा एक कुंभार राहत होता. हात असा, की माती त्याच्या चाकावर आपणहून उभी राहायची. पण स्वभाव? देवा रे देवा! घराला कडी लावून निघाला तरी वेशीपासून परत यायचा, कडी लागली की नाही ते बघायला. बरं, लागलेली दिसली तर गप जावं ना? नाही. ती काढून पुन्हा लावायचा.

गावच्या जत्रेत लोकांना पाणी पाजण्यासाठी चाळीस रांजण कोंडाजीच्या घरातून जायचे. आजा-पणजापासूनचा तो मान होता. पण गेल्या वर्षी त्याने भट्टी निवायच्या आतच उघडली. भाजलेल्या मडक्यांना गरम असताना वारं लागलं की ती तडकतात, हे कुंभाराच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. कोंडाजीलाही ठाऊक होतं. पण आत काय झालं असेल, काय झालं असेल, या घोराने त्याला राहवलं नाही. चाळीसातले तीस रांजण तडकले, आणि जत्रेला शेजारच्या गावचे रांजण आणावे लागले.

यंदा पाटलांनी त्याला बोलावून तोंडावर सांगितलं, "कोंडाजी, औंदा पुन्हा तसं झालं तर मान दुसऱ्या घरी जाईल. मग मला बोल लावायचा नाही."

त्या दिवसापासून कोंडाजीचा जीव टांगणीला लागला. त्याने रांजण घडवले, वाळवले, गोवऱ्या आणि पेंढ्यात नीट रचले, वरून चिखलाचा लेप दिला आणि भट्टी पेटवली. पहाटेला जाळ विझला. आता फक्त तिला दिवसभर निवू द्यायचं होतं. जत्रा चार दिवसांवर आली होती. दुसरी भट्टी लावायला वेळच नव्हता.

त्याची बायको तान्हाबाई नवऱ्याला पुरती ओळखून होती. सकाळीच तिने दोन भाकरी, कांदा आणि ठेचा फडक्यात बांधला.

"अवं, आज तुमी वर तळ्यावर जावा. एकटेच जावा. पाण्यात पाय सोडून बसा, झाडाखाली जरा पडा. दिवस मावळंस्तवर घराचं तोंड बघू नका."

"आणि भट्टी?"

"तिला आता तुमची गरज न्हाई. तिची ती निवंल."

दिवस मावळल्याशिवाय परतणार नाही, असा कोंडाजीने चाकाला हात लावून शब्द दिला आणि तो निघाला. दहा पावलं चढायचा, मागे वळून बघायचा. पुन्हा दहा पावलं, पुन्हा मागे. असा अर्धा डोंगर तो उलट्या तोंडानेच चढला म्हणा ना.

वरचं तळं म्हणजे काय सांगावं! गार पाणी, काठाला जांभळींची सावली. भल्याभल्यांचा तिथे डोळा लागतो. कोंडाजीने मात्र शोधून शोधून एक खडक धरला. त्या खडकावरून खाली गाव दिसायचं. तळ्याकडे पाठ करून तो तिथे बसला. खाली त्याचं घर सुपारीएवढं दिसत होतं आणि शेजारी भट्टीतून धुराची बारीक रेघ वर येत होती.

बकऱ्या भट्टीवर चढल्या तर? चढतीलच, बकऱ्यांचा काय भरवसा! शेजारची म्हैस सुटली तर? वळीव कोसळला तर? आभाळ लख्ख होतं, ढगाचा ठिपकाही नव्हता. त्यामुळे तर त्याला जास्तच भीती वाटली, कारण वळीव असाच न सांगता येतो. तो भाकरी चावत होता, पण ठेचा तिखट आहे हेसुद्धा जिभेला कळलं नाही.

एक म्हातारी म्हशी घेऊन पाण्यावर आली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली.

"पावनं, तळं हिकडं हाय. तुमी तिकडं काय बघताय?"

"माझी भट्टी निवतीय."

"तुमी बघितल्यानं ती लवकर निवंल व्हय?"

कोंडाजी हसला नाही. म्हातारीने म्हशी पाण्यात घातल्या आणि ती सावलीत जाऊन आडवी झाली.

दुपार कलली. भट्टीची धुराची रेघ थांबली. भट्टी निवत आली की धूर थांबतो, ही चांगलीच खूण. पण कोंडाजी खडकावर ताडकन उभा राहिला. इतक्यात गावाच्या त्याच अंगाला धुराचा मोठा लोट उठला. ते दिवस शेतात राब भाजायचे, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळायचे. एरवी त्याने त्या धुराकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आज मात्र तो ओरडलाच, "भट्टी फुटली! घर पेटलं!" आणि चपला, फडकं तिथेच टाकून तो धावत सुटला.

धापा टाकत दारात पोचला, तर घर जागेवर. भट्टी जागेवर. लेपाला साधी चीरही नाही. पलीकडच्या शेतात राब जळत होता आणि तान्हाबाई पाण्याला गेली होती.

आता तरी शहाण्याने हातपाय धुऊन गप बसावं की नाही? पण नाही. इतकं धावत आलोच आहोत, तर बोटभर भोक पाडून बघू, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने बोटभर भोक पाडलं. आत अंधार, काही दिसेना. मग वीतभर केलं. तरी दिसेना. मग हातभर केलं.

आतून आवाज आला, टण्ण!

मग दुसरा. मग तिसरा. कोंडाजी दोन्ही हातांनी चिखल लोटून भोक बुजवायला लागला. तळहात भाजले तरी थांबला नाही. आवाजही थांबले नाहीत.

तान्हाबाई घागर घेऊन आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता. संध्याकाळी भट्टी गार झाल्यावर दोघांनी ती उघडली. चाळीसातले पाच रांजण धड निघाले. पणजापासूनचा मान गेला.

तान्हाबाईने त्याचे भाजलेले हात घागरीतल्या पाण्यात धरले. आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तळ्यात कमळं फुलली असतील न्हाई आता?"

सकाळपासून कोंडाजी त्या पाण्यापासून दहा पावलांवर बसला होता.

"बघितलंच न्हाई गं मी," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडला.

तात्पर्य: काळजी करणं म्हणजे राखण करणं नव्हे. आपल्या वाट्याचं काम झालं की हात आवरायला शिकावं. नाहीतर भट्टीही जाते आणि तळंही.