तुरेबाच्या पणजोबांची चूक

फार पूर्वी डोंगरातल्या बुद्धलेण्यापाशी तुरेबा कोंबडा राहायचा. हे लेणं एका रात्रीत कोरून व्हायचं होतं. पण तुरेबाचे पणजोबा अवेळी आरवले, पहाट झाली समजून कारागीर निघून गेले आणि एक भिंत ओबडधोबडच राहिली, अशी दंतकथा होती.

"हाच का तो घाईवाल्यांचा वंशज?" यात्रेकरू हसत. लाजून तुरेबानं आरवणंच सोडलं.

एकदा तो त्या भिंतीची माफी मागायला गेला. तिथे पाकोळी चिखलाचं घरटं लिंपत होती.

"माफी कसली, दादा? गुळगुळीत भिंतींवरून माझं घरटं सारखं घसरायचं. हिनंच धरून ठेवलं. पणजोबांचे उपकारच म्हणायचे!"

तुरेबा गहिवरला. "पिल्लं झाली की त्यांना सकाळी उठवायला कुणी आहे का गं?"

"तुझ्यासारखा आरवणारा मामा असताना दुसरं कोण कशाला?"