कार्ड निवडण्याआधी

कोकणातल्या एका छोट्या शहरात एक वृद्ध शिक्षक राहत असत. नाव नागवेकर सर. आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवली. निवृत्त झाल्यावरही त्यांचे विद्यार्थी बंद पडलेली यंत्रे आणि अडलेले प्रश्न घेऊन त्यांच्या ओसरीवर येत. सर आधी चहा देत, मग माणसाची विचारपूस करीत आणि यंत्राकडे सर्वांत शेवटी वळत.

एके दुपारी त्यांची जुनी विद्यार्थिनी वैजयंती पाष्टे आली. एके काळी त्यांच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. आता ती विजेच्या उपकेंद्रात तंत्रज्ञ होती. तिच्या एका हातात कापडी पिशवीत गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट होती आणि दुसऱ्या हातात बारीक अक्षरांत लिहिलेली चार पाने.

"सर, घरच्या कॉम्प्युटरवर ही कॅसेट उतरवून घ्यायचीय," ती म्हणाली. "त्यासाठी कॅप्चर कार्ड लागतं. मी सात कार्डांची माहिती काढली. कुठलं किती रेझोल्यूशन देतं, कुठलं आत बसवायचं, कुठलं बाहेरून जोडायचं, सगळं लिहिलंय. सॉफ्टवेअरही पाच पाहिली. पण ठरत नाही. एक पक्कं करते, तोवर दुसरं त्याच्याहून चांगलं दिसतं."

"किती दिवस चाललंय हे?"

"चौदा महिने," ती ओशाळून म्हणाली.

"आणि कॅसेटमध्ये काय आहे?"

"बाबा आहेत," ती म्हणाली.

तिचे वडील भिकाजी पाष्टे एसटीत कंडक्टर होते. मात्र पंचक्रोशी त्यांना ओळखत होती ती उन्हाळ्यातल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या कॉमेंट्रीसाठी. भाताची कापलेली शेते, चुन्याने आखलेली सीमारेषा, झाडाला बांधलेला कर्णा आणि त्यातून भिकाजींचा आवाज. खेळापेक्षा त्यांना ऐकायलाच माणसे अधिक येत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांच्या आवाजाची एकच खूण उरली होती. एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने हौसेने चित्रित केलेला, सत्तावीस वर्षांपूर्वीचा एक अंतिम सामना.

सरांनी ती चार पाने घेतली आणि न वाचताच स्टुलावर ठेवली. त्यांनी कॅसेटची झडप उघडून दिव्याखाली धरली. काळ्या फितीच्या कडेने पांढरट पूड दिसत होती.

"बुरशी," सर म्हणाले. "आपल्याकडची दमट हवा. ही आज व्हीसीआरमध्ये घालायची नाही. फीत तुटेल. ठेवून जा. रविवारी ये."

वैजयंतीचा चेहरा उतरला. फितीची काळजी घ्यायला हवी, हे या शाखेचे शिक्षण घेतलेल्या तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण चौदा महिन्यांत कॅसेट उघडून पाहण्याचे काही तिला सुचले नव्हते.

रविवारी ती आली तेव्हा सरांनी फीत हाताने फिरवत, मऊ कापडाने इंचाइंचाने पुसून घेतली होती. व्हीसीआर टीव्हीला जोडलेला होता. सरांनी कॅसेट आत सरकवली, बटण दाबले, आणि चित्र येण्याच्या आत खांद्यावरचा टॉवेल काढून टीव्हीवर टाकला. सगळा पडदा झाकून गेला.

वैजयंतीला काही कळेना. "सर, दिसणार कसं?"

"बस," सर म्हणाले.

थोडी खरखर झाली आणि टॉवेलच्या आडून आवाज आला:

"...आणि हा उचलला! मिडविकेटच्या डोक्यावरून थेट गुरवांच्या काजूच्या बागेत! गुरवकाका, चेंडू तेवढा परत टाका, काजू आम्ही मागत नाही! तुम्ही स्वतःहून दिलेत तर नाही म्हणणार नाही!"

मागे माणसे खदखदून हसली. वैजयंतीही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. तो ठसका, वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर नेण्याची ती लकब, सारे होते तसेच होते. दोन मिनिटांनी सरांनी कॅसेट थांबवली.

"पुन्हा पुन्हा चालवू नये, फीत थकली आहे," ते म्हणाले. "आता सांग, यातलं काय गेलं तर तुला चालेल?"

"चित्र थोडं धूसर झालं तरी चालेल, सर. आवाज जायला नको." मग विचार करून ती म्हणाली, "आणि तो चेंडूबरोबरच यायला हवा. चेंडू आधी आणि बाबा मागून, असं झालं तर ते बाबा नव्हेतच. गावात म्हणायचे, बॅटचा आवाज यायच्या आत भिकाजी बोललेला असतो."

सरांनी टॉवेल पुन्हा खांद्यावर घेतला.

"बाळ, चौदा महिने तू यंत्रांची परीक्षा घेत होतीस. कॅसेटला विचारलंच नाहीस, तुला काय हवं म्हणून. या फितीत चित्राच्या जेमतेम अडीचशे रेघा आहेत. हजार रेघांचं कार्ड आणलंस तरी ते नव्या रेघा कुठून आणणार? कार्ड पकडतं, निर्माण करत नाही. सगळ्यांत चांगलं कुठलं, या प्रश्नाला अंत नाही. उद्या त्याहून चांगलं निघेलच. मला काय वाचवायचंय, या प्रश्नाला मात्र उत्तर असतं, आणि ते तू आत्ता दिलंस. आता आण तुझे कागद."

मग दोघांनी मिळून ती चार पाने वाचली. सात कार्डांतली चार तिथेच गळाली, कारण त्यांना व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरी जोडताच येत नव्हत्या. उरलेल्यांपैकी दोन ओळखीच्या स्टुडिओतून मागून आणली. सरांनी आपली एक निरुपयोगी कॅसेट काढली. तिच्यात त्यांच्याच वर्गाचे स्नेहसंमेलन होते. ती दोन्ही कार्डांवर तासभर उतरवायला लावली. महागडे कार्ड जुन्या फितीचा थरथरता सिग्नल येताच चित्र सोडून देई आणि निळा पडदा दाखवी. दुसरे काडेपेटीएवढे होते. सॉफ्टवेअरमध्ये 'पाल' ही आपल्याकडच्या टीव्ही-चित्राची पद्धत निवडताच रंग नीट आले. तासाच्या शेवटी स्नेहसंमेलनातली मुले टाळ्या वाजवत होती. वैजयंतीने पडद्याला नाक लावून पाहिले. हात आणि आवाज बरोबर जुळत होते. सॉफ्टवेअरही त्यांनी साधेच घेतले. त्यात सजावटीची एकही करामत नव्हती, पण आवाज आणि चित्र ते एकाच लयीत नोंदवत होते.

पुढच्या रविवारी सामना उतरवायला घेतला. एक तास चाळीस मिनिटे दोघे जागचे हलले नाहीत. आणि शेवटचे षटक सुरू झाले तेव्हा आवाज फाटला, पडद्यावर पांढऱ्या रेघा धावल्या आणि सगळे खरखरीत बुडाले. फितीचा शेवटचा भाग बुरशीने खाल्ला होता. सरांनी पुन्हा पुसून पाहिले, व्हीसीआर बदलून पाहिला. शेवटचे चार चेंडू मिळाले नाहीत.

वैजयंती रडू लागली. "मी उशीर केला, सर. वर्षापूर्वी उतरवलं असतं तर कदाचित मिळालं असतं."

"कदाचित," सर म्हणाले. त्यांनी ते नाकारले नाही. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पण तू आळसाने उशीर केला नाहीस. बाबांसाठी कमी प्रतीचं काही नको, या मायेने केलास. माया अशी कधी कधी हात बांधून टाकते. जे मिळालंय ते आज त्यांना ऐकव. आजच."

संध्याकाळी सर तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. भिकाजी खाटेवर उशांना टेकून बसले होते. शेजारी त्यांची पत्नी होती. कॉम्प्युटर सुरू झाला. आपलाच आवाज कानी पडताच भिकाजी दचकले, मग त्यांचे डोळे स्थिर झाले. काजूच्या बागेचा विनोद आला तेव्हा त्यांचे अर्धे तोंड हसले. पुढे प्रत्येक चेंडूला त्यांचे ओठ हलत होते.

शेवटच्या षटकात आवाज फाटला. वैजयंतीने घाईने रेकॉर्डिंग बंद केले. "बाबा, पुढचं गेलं," ती खाली मान घालून म्हणाली.

भिकाजींनी डावा हात डोक्यावर सरळ उचलला आणि तसाच धरून ठेवला. वैजयंतीला वाटले, त्यांना पाणी हवे आहे. ती उठू लागली. भिकाजींनी नकारार्थी मान हलवली. आपल्या निर्जीव उजव्या हाताकडे त्यांनी पाहिले, मग लेकीकडे पाहिले. डावा हात वरच होता.

"अगो, सिक्स!" तिची आई एकदम म्हणाली. "शेवटचा चेंडू सिक्स गेला होता ना! मी होते की तिथे. ह्यांचा घसा बसला होता ओरडून."

षटकाराची खूण दोन्ही हातांनी करायची असते. वैजयंती वडिलांजवळ बसली. त्यांचा उजवा हात तिने मनगटाशी धरला आणि हळूहळू त्यांच्या डोक्यावर, डाव्या हाताच्या बरोबरीला उचलून धरला. भिकाजींच्या घशातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता, पण शेवटी तो किंचित वर गेला होता.

नागवेकर सरांनी टाळ्या वाजवल्या. मग तिच्या आईनेही वाजवल्या.